फुलीचं अंडं

१

मुक्ताई कोंढरे मेलेली सापडली त्या सकाळी तिच्या कोंबड्या शेवग्याच्या झाडावर बसल्या होत्या. दीपमालानं हे जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. अंगणात माणूस मरून पडलेलं असताना कोंबड्या कुठं बसल्यात याची चौकशी कोण करणार?

कात्रजच्या घाटाकडे चढणाऱ्या रस्त्याच्या आत, तीन उंच इमारतींच्या मधे मुक्ताईचं आवार चेपून बसलं होतं. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, एक शेवगा, गुरांना पाणी पाजायच्या काळातली दगडी डोण आणि विटांचं बुटकं खुराडं. बाकीची जमीन तिच्या मुलानं, रावसाहेबांनी, केव्हाच इमारतींना दिली होती आणि ते स्वतः बायकोसह समोरच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायला गेले होते. म्हातारी मात्र हलली नाही. 'माझ्या कोंबड्यांना वर कोण राहू दील?' एवढंच ती म्हणायची आणि विषय संपवायची.

बुधवारी सकाळी ती त्या डोणीपाशी कुशीवर पडलेली होती. कानशिलावर जखम, तीही बाहेरून लहानच. खुराड्याची फळी बाजूला काढून ठेवलेली होती. रोज पहाटे उठून फळी काढायची आणि कोंबड्या सोडायच्या, हा मुक्ताईचा नेम सगळ्या आळीला ठाऊक होता. त्यामुळं बघणाऱ्यांनी लगेच ताडलं, फळी काढताना म्हातारीचा तोल गेला.

पण अंघोळ घालायला बायकांनी तिचं लुगडं बाजूला केलं, तेव्हा उजव्या दंडावर पाच बोटं उमटलेली दिसली. अंघोळ तिथंच थांबली आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

"सकाळी सगळ्यात आधी हितं कोण आलं?" रावसाहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दीपमालाकडं बोट केलं. "ही. आणि आईपाशी दिवसरात्र कोण असतं? हीच."

दीपमाला वाशीमकडची. मुक्ताईला सांभाळायला दीड-दोन वर्षांपूर्वी ठेवलेली. ती उभ्या जागी खाली बसली.

२

शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डॉ. सुहासिनी बापट राहत. सरकारी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि जिभेला धार असलेल्या. त्यांच्या सोसायटीनं मुक्ताईच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध तक्रार केली, तेव्हा सह्या गोळा करायला आलेल्या सेक्रेटरींना त्यांनी दारातच विचारलं होतं, "कोंबडा पहाटे आरवतो हे आपल्याला फ्लॅट घेताना कुणी सांगितलं नव्हतं का?" त्यानंतर सोसायटीत त्यांच्याशी बोलणारे कमी झाले. भिंतीपलीकडून बोलणारी मुक्ताई तेवढी राहिली.

दर रविवारी त्या कोंबड्या बघायला जात. मानमोडीची लस टोचणं, जंताचं औषध देणं हे निमित्त. खरं म्हणजे मुक्ताईशी दोन घटका बोलल्यावर त्यांचा आठवडा बरा जायचा. आता ती नव्हती, आणि सुहासिनीबाईंना आपल्याला इतकं वाईट वाटेल याची कल्पना नव्हती.

गुरुवारी दुपारी उपनिरीक्षक ऋतुजा वाघोले त्यांच्याकडं आली. शेजारी म्हणून जबाब घ्यायचा होता. तरुण मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मरण पहाटेचं आहे, मॅडम," ती म्हणाली. "डोक्याला आतून मार लागलाय. दंडाला धरून कुणीतरी ढकललेलं दिसतंय. दीपमाला म्हणते, मी मंगळवारी दुपारीच बहिणीकडं येरवड्याला गेले, बहिणीच्या मुलीचं बारसं होतं. ते खरं आहे. संध्याकाळी आणि रात्री तिला पन्नास जणांनी पाहिलंय. पण पहाटे पहिल्या बसनं ती परत निघाली. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही. आणि म्हातारी पहाटे गेली."

"म्हणजे संध्याकाळचे साक्षीदार पन्नास आणि पहाटेचा एकही नाही."

"हो. आत्तापर्यंत नुसतं चौकशीला बोलावतोय. पण वरून विचारणा सुरू झालीय. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं काही हाती नाही आलं तर तिला अटक दाखवायला लागेल."

"ती असं का करेल?"

"पगारावरून वाद, सुट्टीवरून वाद. काहीतरी निघतंच, मॅडम. गरिबाच्या बाबतीत कारण शोधायला फार वेळ लागत नाही."

सुहासिनीबाईंनी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. पोरगी कडू बोलत होती म्हणजे अजून बिघडली नव्हती.

"दीपमाला कोंबड्यांबद्दल काय म्हणाली होती?" त्यांनी विचारलं.

"झाडावर होत्या म्हणून. का?"

सुहासिनीबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि एक वाडगा घेऊन आल्या. वाडग्यात चार अंडी होती.

"ही काल दुपारी मी त्या आवारातून उचलली," त्या म्हणाल्या. "हात लाव. दीपमालाला सोडवणारा साक्षीदार यात आहे."

३

बुधवारी दुपारी घरचे सगळे शवविच्छेदनाच्या ठिकाणी ताटकळत असताना त्या कोंबड्यांना पाणी ठेवायला गेल्या होत्या. मुक्या जिवांनी उपाशी का राहायचं, एवढाच विचार होता. तपास वगैरे डोक्यातही नव्हतं.

पण उभा जन्म जनावरांच्या अंगावरनं डोळे फिरवण्यात गेलेला. नको म्हटलं तरी दिसतंच.

सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळे भिंतीला चिकटून उभे होते. माणूस जवळ गेलं की पांगत होते. त्यांतल्या काळीची शेपूट अर्धी उपटलेली. शेपटीची पिसं अंगणात नव्हती, खुराड्यामागं एका रिकाम्या पोत्याशेजारी पडली होती. रानमांजरानं धरलं असतं तर रक्त निघालं असतं. इथं रक्ताचा थेंब नव्हता. भेदरलेल्या कोंबडीला मागून पकडलं की ती पिसं हातात सोडून पळते.

मग त्यांनी वाकून खुराड्यात पाहिलं. तळाला राखेचा थर होता. दीपमाला रोज दुपारी खुराडं झाडून राख भुरभुरायची. तो थर सारवल्यासारखा सपाट होता. नखांची एक ओरबाड नव्हती, शिटेचा एक ठिपका नव्हता.

कोपऱ्यात वेताच्या टोपलीत पेंढा होता. कोंबड्या तिथंच अंडी घालत. टोपली रिकामी होती. त्या दिवशीची अंडी भलतीकडंच मिळाली. दोन लाकडांच्या ढिगात, एक जुन्या टायरमधल्या गवतात आणि एक तुळशीमागं. त्यांनी ती पदरात घेतली. घरी आल्यावर अंगठा फिरवला तेव्हा काहीतरी खटकलं, पण त्या दिवशी त्यांना रडू येत होतं, म्हणून अंडी तशीच वाडग्यात ठेवून दिली.

आता ऋतुजानं एक अंडं उचलून खिडकीशी धरलं. मधोमध, करदोटा बांधल्यासारखी, उंचवट्याची एक रेघ अंड्याभोवती फिरली होती. दुसऱ्यालाही तशीच. चौघांनाही.

"हे काय आहे?"

"भीती," सुहासिनीबाई म्हणाल्या.

४

"नीट ऐक. उद्या सकाळी घालायच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या पोटात आज दुपारनंतर तयार व्हायला लागतं. संध्याकाळी ते कागदासारखं असतं, रात्रभर जाड होत जातं आणि पहाटेला पक्कं होतं. संध्याकाळी कोंबडीची घाबरगुंडी उडाली तर तिचं पोट आवळतं आणि आतलं ते कोवळं कवच तडकतं. पण कोंबडी अंडं टाकून देत नाही. रात्रभर चुना चढवून ती तडा सांधते. तडा बुजतो, वळ राहतो. हा तो वळ."

"आणि पहाटे घाबरल्या असत्या तर?"

"तर हा वळ उमटला नसता. कवच तोवर झालेलं असतं. फार तर अंडं अडून राहिलं असतं. एका अंड्याला असा करदोटा असता तर मी तोंड उघडलं नसतं. चार कोंबड्यांच्या चार अंड्यांना एकाच दिवशी आहे."

ऋतुजा अंड्याकडं बघत राहिली. "कोर्टात हे सांगितलं तर वकील हसतील, मॅडम."

"हसू देत. त्यांना राख दाखव. कोंबडी अंधार पडायच्या आत आपल्या पायांनी खुराड्यात शिरते. तिला हाकलावं लागत नाही, आणि दिवे लागल्यावर तिला दिसतही नाही. त्या रात्री खुराड्यात एकही कोंबडी शिरली नाही. म्हणजे शिरायच्या वेळेलाच तिथं काहीतरी भयंकर घडलं आणि त्या जीव घेऊन झाडावर गेल्या. दीपमालानं सकाळी पाहिल्या त्या तिथंच. मुक्ताईनं पहाटे फळी काढली नव्हती ग. आदल्या संध्याकाळी ती लावलीच गेली नव्हती."

खालून रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते.

"पण मरण पहाटेचंच आहे," ऋतुजा हळूच म्हणाली. "त्यात डॉक्टरांना शंका नाही."

"मलाही नाही."

ऋतुजाचा चेहरा उतरला. तिला आता कळलं होतं. मार संध्याकाळचा आणि मरण पहाटेचं. मधली अख्खी रात्र, जानेवारीच्या थंडीत, चारी बाजूंनी शेकडो खिडक्या असलेल्या त्या आवारात मुक्ताई जिवंत पडून होती.

"आणखी एक," सुहासिनीबाई म्हणाल्या. "टोपलीतलं फुलीचं अंडं गेलंय. ते ज्यानं नेलं, तो मंगळवारी संध्याकाळी तिथं होता."

५

फुलीच्या अंड्याची गोष्ट साधी आहे. कोंबडीला एकदा अंडं जिथं दिसतं तिथंच ती पुढचं घालते. म्हणून सगळी अंडी काढायची नसतात. एक टोपलीत कायमचं ठेवायचं आणि चुकून खायला जाऊ नये म्हणून त्यावर कोळशानं फुली मारायची. ते आतून सडतं, सडू द्यायचं. ते काढलं तर कोंबड्या ती जागा सोडतात आणि वाट्टेल तिथं घालत सुटतात. बुधवारी सकाळी नेमकं तेच झालं होतं.

शुक्रवारी सकाळी दोघी चौकीत दीपमालाशी बोलल्या. ती बाकावर बसली होती आणि तिच्यासमोर पोह्यांची बशी तशीच होती.

"मंगळवारी निघताना टोपलीत काय होतं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"फुलीचं होतं जी, अन् त्या दिवसाचे दोन. म्या हात नाई लावला. अंडे काढाचं काम आजी कोनाले देतच नव्हती. सांजीले स्वतःच काढे." तिनं पदरानं नाक पुसलं. "मॅडम, मले आतमधी टाकतीन का? माह्या बहिणीच्या घरावरून जेलची भिंत दिसते. बारशाले आल्या बाया तिकडंच पाहत होत्या. आता म्या तिकडं जाईन तं माह्या बहिणीनं तोंड कसं दाखवाव?"

सुहासिनीबाईंना खोटा धीर देता येत नसे. त्यांनी पोह्यांची बशी तिच्याकडं सरकवली आणि त्या उठल्या.

रावसाहेब इमारतीच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. भेटायला येणाऱ्यांना तिथंच बसवत होते. ऋतुजाचा संशय त्यांच्यावर होता आणि ती तो लपवतही नव्हती. तीन गुंठे आईच्या नावावर, आई हलत नाही, एवढं तिला पुरेसं होतं.

"मंगळवारी संध्याकाळी आपण कुठं होता?"

"बुधवार पेठेत. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर जळला हाय, त्यो बदलाया."

"कुणी पाहिलं?"

"पेठेत हजार माणसं बघत्यात अन् एक वळखत न्हाई," रावसाहेब म्हणाले. मग आवाज चढला. "मी माझ्या आईला ढकलीन? ताई, जागा मला मागायचीच असती तर धा वर्षांमागंच मागितली असती. मी तिला हात जोडले हुते, वर चल म्हून. न्हाई आली."

"रावसाहेब, एक वेगळंच विचारते," सुहासिनीबाई म्हणाल्या. "खुराड्यातली अंडी कशी काढायची?"

त्यांनी विचित्र नजरेनं पाहिलं. "कशी म्हंजे? फुलीचं सोडून बाकीची."

त्यांची बायको शालू वर स्वयंपाकघरात होती. मंगळवारी संध्याकाळी ती सोसायटीतल्या हळदीकुंकवात होती, बायकांच्या मेळ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सासूशी तिचं पटत नव्हतं हे तिनंच आधी सांगून टाकलं.

"कोंबड्या ठेवा न्हाईतर आमच्यात येऊन ऱ्हावा, असं मी तोंडावर म्हणले हुते. खोटं कशाला सांगू? पर जीव घेन्याइतकं वाकडं नव्हतं." अंड्यांचं विचारताच ती क्षणभर हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "लगीन करून आले अन् पहिल्याच आठवड्यात मी फुलीचं अंडं काढलं. चार दिवस कोंबड्या कुठंबी घालत हुत्या. आत्याबाईंनी मला उभ्या आळीत वरडून घेतलं. तवापास्नं डोळे मिटून बी माझा हात त्याला लागत न्हाई."

ऋतुजानं स्वयंपाकघराच्या दाराबाहेर हळूच विचारलं, "दोघंही खोटं बोलत असतील तर?"

"माणूस घाईत असला की हात सवयीनं चालतात. या दोघांचे हात फुलीचं अंडं आपोआप सोडतील. ज्यानं नेलं त्याला ती फुली कसली हेच ठाऊक नव्हतं." सुहासिनीबाई थांबल्या. "या घरात असं माणूस कोण, सांग?"

६

उत्तर त्यांना शोधावं लागलं नाही. ते बाहेरच्या खोलीत, रावसाहेबांच्या सुनेच्या रूपानं, पाय वर घेऊन सोफ्यावर बसलं होतं.

रावसाहेबांचा मुलगा ऋषी बाणेरला राहत असे, आयटीत होता. शाळा पाचगणीच्या वसतिगृहात, कॉलेज बंगळूरला. आजीच्या घरी तो सुट्टीपुरता आलेला. त्याची बायको पायल आठ महिन्यांची गरोदर होती. आजी गेल्यापासून दोघं इथंच होती आणि ऋषी त्या वेळी दहाव्याची व्यवस्था बघायला बाहेर गेला होता.

ऋतुजा खाली गेली आणि सुहासिनीबाई पायलशेजारी बसल्या. तब्येतीची चौकशी केली. खाणं जातंय का, असं विचारलं. खरंच चौकशी म्हणूनच विचारलं होतं, हे त्यांना नंतर कितीदा तरी स्वतःशी म्हणावं लागलं.

"काही जात नाही, काकू. डॉक्टर म्हणतात प्रोटीन घ्या, अंडी खा. पण मंगळवारपासून अंड्याचं नावसुद्धा नको झालंय. मी ऋषीला म्हटलं होतं, मला फार्मची नकोत, गावठी आण. आणली तीन. म्हणे कात्रजच्या चौकात एक बाई बसते, तिच्याकडून. पहिलंच फोडलं तर आतून काळं पाणी! इतका वास, की मी बेसिनपर्यंतसुद्धा पोचले नाही." ती ओशाळून हसली. "वर त्याच्यावर कोळशानं क्रॉस काढलेला. मी म्हटलं, ही काय एक्सपायरी डेट आहे का?"

सुहासिनीबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. पायलला वाटलं, काकूंना आपलं कौतुक वाटतंय.

"आई नाहीये ना मला," ती म्हणाली. "ऋषीला वाटायचं, आजीनं डिलिव्हरीला बाणेरला यावं. बाळाला तेल लावायला, शेकायला. तो फार मागं लागला होता तिच्या. आता तीही गेली."

खाली येताना लिफ्टमध्ये सुहासिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. एकीकडं चौकीतल्या बाकावर बसलेली दीपमाला आणि दुसरीकडं ही पोर. अंडी विकणारी कुठलीही बाई फुलीचं अंडं गिऱ्हाइकाला देणार नाही, हे त्यांच्याखेरीज अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्यांना गप्प बसावंसं वाटलं, हेही खरं. पण पोह्यांची ती बशी डोळ्यांपुढून हलेना. खाली ऋतुजा उभी होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं.

७

दिवस कलताना चौघं मुक्ताईच्या अंगणात उभी होती. ऋषी, रावसाहेब, ऋतुजा आणि सुहासिनीबाई. कोंबड्या एकेक करत खुराड्याजवळ येत होत्या, आत डोकावत होत्या आणि परत फिरत होत्या.

"मी संक्रांतीनंतर इथं आलोच नाहीये, मॅडम," ऋषी म्हणाला. "हे मी ऑलरेडी सांगितलंय. इन्फॅक्ट मंगळवारी मी ऑफिसमधून डायरेक्ट घरी गेलो."

"बरं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "या टोपलीतली अंडी काढायला मी तुला सांगितलं तर तू कशी काढशील?"

"व्हॉट डू यू मीन, कशी? असतील तेवढी काढायची."

"सगळी?"

"हो, सगळी. काय प्रॉब्लेम आहे त्यात?"

रावसाहेबांनी मान वर केली. आधी त्यांनी मुलाकडं पाहिलं, मग टोपलीकडं. सकाळी याच बाईंनी आपल्याला हेच का विचारलं, ते त्यांना आता उमगलं. ते डोणीच्या काठावर बसले. कुठं बसलो हे लक्षात येताच ताडकन उठले.

"पायलनं मंगळवारी रात्री फुलीचं अंडं फोडलं," सुहासिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "कात्रजच्या चौकातल्या बाईचं नव्हतं ते. तुझ्या आजीच्या टोपलीतलं होतं. दुपारी दीपमाला गेली तेव्हा ते जागेवर होतं. खुराड्यामागं पोतं आहे आणि काळीची पिसं आहेत. तू कोंबड्या पोत्यात भरत होतास. का, ते तू सांग."

ऋषीनं खुराड्यामागच्या पोत्याकडं पाहिलं. मग त्याचं इंग्रजी गळून पडलं.

"ती येतच नव्हती. मी म्हटलं, दोन महिने चल. पायलला कुणी नाहीये. तर म्हणाली, कोंबड्यांना कोण बघेल? कोंबड्यांना! माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, आज कोंबड्याच नेऊन विकतो, मग बघू कसली सबब सांगतेस. मी पकडायला लागलो. त्या ओरडायला लागल्या, ती मधे आली, माझ्या हाताला लोंबकळली. मी दंडाला धरून तिला बाजूला केलं. बाजूलाच केलं, बाबा. ती डोणीवर आपटली."

"आणि तू गेलास," ऋतुजा म्हणाली.

"ती उठून बसली होती! बोलत होती माझ्याशी. डोकं धरून बसली आणि म्हणाली, जा, पायल वाट बघत असंल, अंडी ने तिला. मी विचारलं, दवाखान्यात नेऊ का? नको म्हणाली. थोडी पडते म्हणाली. मी घाईघाईनं हाताला लागली ती अंडी घेतली आणि निघालो. वाटलं, रागावलीय, सकाळी फोन करू. सकाळी बाबांचाच फोन आला."

"आणि दीपमालाचं नाव निघालं तेव्हा?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"न घेणं हेच तू केलंस," सुहासिनीबाई म्हणाल्या.

रावसाहेबांनी मुलाला मारलं नाही की जवळही घेतलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तिला माझ्याकडं पाच मजले वर तरी आणून सोडायची हुती, रे." आणि वर बाल्कनीत पायल उभी राहून सगळ्यांकडं बघत होती. इतक्या उंचीवर तिला काही ऐकू येत नव्हतं.

८

चौकीत पोचायला दिवेलागण झाली. ऋतुजानं स्वतः जाऊन दीपमालाला सांगितलं, की तिचं काही काम राहिलं नाही, ती जाऊ शकते. खुर्चीतल्या हवालदारानं तिची पिशवी काढून दिली. माफी कुणी मागितली नाही. तशी पद्धत नव्हती.

दीपमाला उठली, पिशवी खांद्याला लावली आणि सुहासिनीबाईंच्या पायाशी वाकली. त्यांनी तिला वाकू दिलं नाही.

"कसं समजलं जी तुमाले, का म्या नाई केलं?"

तिला जाणून घ्यायचा हक्क होता. सुहासिनीबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं, की मार संध्याकाळी लागला, तेव्हा ती येरवड्याला बारशात होती, आणि हे सिद्ध झालं म्हणून ती सुटली. बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं, की आपण काय सांगून बसलो आहोत. पण तोवर उशीर झाला होता. दीपमालाच्या चेहऱ्यावरचा आनंद थांबला होता.

"सांजीले लागलं," ती सावकाश म्हणाली. "अन् जीव पाहाटे गेला."

"हो."

"मंग रातभर आजी जित्ती होती?"

सुहासिनीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बारशाले म्या गेली नसती तं म्या तिथंच असती. तिले उचलून घरात नेलं असतं. रिक्षा आनली असती. आजी वाचली असती ना, मॅडम?"

ऋतुजा खिडकीकडं वळली. सुहासिनीबाईंनी आयुष्यभर लोकांना त्यांच्या जनावरांबद्दल खरं सांगितलं होतं, गोड करून कधी सांगितलं नव्हतं. आज त्यांनी गोड करून सांगायला तोंड उघडलं. पण ही पोरगी त्यांच्या डोळ्यांतच बघत होती.

"वाचली असती," त्या म्हणाल्या. "पण त्यात तुझा दोष काही नाही, दीपमाला. तू रजा घेऊन गेली होतीस. तुझा काही दोष नाही."

दीपमालानं मान हलवली. पुढचं तिच्या कानांत शिरलंच नव्हतं. तिनं खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली आणि ज्या बाकावरून आत्ताच उठली होती त्याच बाकावर ती पुन्हा जाऊन बसली.

"ताई, घरी जा आता," हवालदार म्हणाला.

ती उठली नाही.